खिशातली जॅमची पुडी

थोरल्याच्या घरी जुळं आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. एक दुसरीपेक्षा सात मिनिटांनी मोठी, आणि तेवढ्या भांडवलावर ती जन्मभर रुबाब करणार हे पाळण्यातच दिसत होतं.

घरात आनंदाला तोटा नव्हता. फक्त एक नियम झाला होता, आणि तो कोणी तोंडाने बोललं नव्हतं. धाकटीने, म्हणजे जुळ्यांच्या आत्याने, बाळाला उभ्याने घ्यायचं नाही. घ्यायचं तर जमिनीवर गादी घालून, भिंतीला पाठ टेकून, आणि शेजारी दुसरं माणूस बसवून. सुनेने असं काही बजावलं होतं, असंही नाही. दवाखान्यातून आली त्याच दिवशी तिने कोपऱ्यात गादी घातली आणि म्हणाली, "वन्सं, इथे बसा, इथे वारा छान येतो." त्या कोपऱ्यात वारा कधीच येत नसे. धाकटी काय समजायचं ते समजली आणि जाऊन बसली.

धाकटी तेव्हा तेवीस वर्षांची होती. बाराव्या वर्षी तिचं स्वादुपिंड संपावर गेलं ते पुन्हा कामावर आलंच नाही. तेव्हापासून इन्सुलिन बाहेरून टोचून घ्यायचं. जास्त झालं की साखर खाली, कमी झालं की साखर वर; तारेवरची कसरत, आणि खाली जाळी नाही. पहिली काही वर्षं साखर उतरू लागली की अंग आधी ओरडायचं. घाम फुटायचा, हात थरथरायचे, भूक लागायची. मग रोज रोज ओरडून एखाद्याचा घसा बसावा तसं झालं. विसाव्या वर्षानंतर अंगाने ओरडणंच सोडलं. बोलता बोलता ती प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणायला लागायची, डाव्या भुवईवरून बोट फिरवायची, आणि मग खाली कोसळायची. ती भुवई आणि ते "हो, हो" ओळखणारं माणूस घरात एकच होतं, तिचे वडील.

त्यांना कामाच्या ठिकाणी सगळे मामा म्हणत. शहराच्या टोकाला एक संशोधन संस्था होती, तिथल्या प्राणिघरात ते एकोणीस वर्षं डुकरं सांभाळत होते. त्याआधी लाकडाच्या वखारीत ओझी वाहिली. लिहायला-वाचायला येत नव्हतं म्हणून प्राणिघरातली नोकरी जाता जाता राहिली, कारण तिथे प्रत्येक प्राण्याची वही ठेवावी लागे. धाकटीने, स्वतः चौथीत असताना, बापाला समोर बसवून अक्षरं शिकवली होती. "बाबा, 'झोपली' लिहा. आता 'उठली' लिहा. डुक्कर याहून जास्त काय करणार आहे?" मामांचं सगळं लिहिणं असं डुकराच्या दिवसाएवढं होतं, आणि तेवढं त्यांना पुरायचं.

त्या वर्षी त्यांच्याकडे जी डुकरीण होती तिचा नंबर चौदा. प्राण्यांना नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, कारण नाव ठेवलं की जीव अडकतो. मामा तिला गुंडी म्हणत. तिच्या पोटाच्या कातडीतून एक पांढरं गोल बूच बाहेर आलेलं होतं, कोटाच्या गुंडीएवढं. त्याच्या आत दोन बारीक नळ्या पोटाच्या पोकळीत उतरत. एकीच्या टोकाला साखर मोजणारा सेन्सर, दुसरीतून इन्सुलिन. वरून कापडी जाकीट, आणि जाकिटाच्या खिशात पंप.

हे सगळं घडवणाऱ्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, किरकोळ अंगाच्या, आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या नेहमी सुटलेल्या असत. त्यांच्या हाताखाली एक इंजिनियर होता. तो दिवसभर पडद्यावरची रेघ पाहत बसे, म्हणून मामांनी त्याचं नाव रेघवाला ठेवलं होतं. त्याच्या तोंडावरही ते त्याला तसंच म्हणत.

"काय रेघवाले, आज रेघ कशी आहे?"

"तुमच्या गुंडीसारखीच. लोळतेय."

एके दिवशी डॉक्टरबाईंनीच धाकटीला बघायला बोलावलं. अंगावर हिरवा डगला, डोक्यावर टोपी अशी ती गोठ्याच्या कठड्याशी आली. गुंडीने नाक वर करून तिचा हात हुंगला.

"ही माझी थोरली बहीण," धाकटी म्हणाली. "माझ्याआधी हिच्या पोटात बसलं, म्हणजे मान हिचा."

"तिला कानामागे खाजवलेलं आवडतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मामा तासन् तास खाजवतात."

"बघा! घरी कधी माझी पाठ खाजवली नाहीत."

"तू कुठे हिच्यासारखी गुमान पडून राहतेस?" मामा म्हणाले.

मग डॉक्टरबाईंनी तिला समजावून सांगितलं. दंडावर चिकटवलेला सेन्सर कातडीखालची साखर मोजतो, आणि तिथे बातमी उशिरा पोहोचते. कातडीत टोचलेलं इन्सुलिनही रेंगाळत रेंगाळत कामाला लागतं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यापाशी मात्र बातमीही लवकर येते आणि औषधही लवकर लागतं. दोन्ही तिथेच बसवलं तर मशीन आपलं आपण चालू शकेल. साखर उतरायला लागली की इन्सुलिन बंद करेल, वर चढवणारं उलटं औषध सोडेल, आणि माणसाला पत्ताही लागणार नाही.

"म्हणजे सध्या मी कालचं वर्तमानपत्र वाचून आजची छत्री घेते," धाकटी म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "हे जमलं तर पहिल्यांदा सहा माणसांवर करू. तुझं नाव मी लिहून ठेवलंय. पेन्सिलीने."

"पेनने लिहा की."

"पेनने गुंडी लिहील."

त्या दिवसापासून मामांचा जीव त्या पांढऱ्या बुचात अडकला. घरी येऊन ते बायकोला रोज सांगत, आज गुंडीने इतकं खाल्लं, आज अशी झोपली. बायको म्हणायची, "अहो, पोरीच्या सासरची चौकशी करावी तशी त्या डुकरिणीची करताय." पण भांडी घासता घासता तीच विचारायची, "मग? आज काय म्हणते ती?"

गुंडी आठांतली शेवटची. पहिल्या सातांवर छोट्या छोट्या चाचण्या झाल्या होत्या. खरी परीक्षा तिच्यावर होती, आणि तिला मुदत होती. शरीर परक्या वस्तूला फार दिवस नांदू देत नाही. सेन्सरभोवती हळूहळू पडदा विणतं, आणि तीन आठवड्यांत तो आंधळा होतो. दोन परीक्षांमध्ये एक दिवस विश्रांती द्यावी लागे. तो सोमवार गुंडीचा सोळावा दिवस होता.

परीक्षा अशी. सकाळपासून गुंडी उपाशी. साडेदहाला पंपातून मुद्दाम जास्त इन्सुलिन सोडायचं आणि मग सगळ्यांनी हात काढून घ्यायचे. साखर पडत असल्याचं मशीनने स्वतः ओळखायचं आणि स्वतःच तिला वर आणायचं. रेघवाला कापडी पडद्यामागे बसून लांब नळीतून दर दहा मिनिटांनी रक्त काढणार आणि ते खऱ्या आकड्यासाठी तपासणार. आकडा तिसाच्या खाली गेला तरच डॉक्टरबाई मध्ये पडणार; त्या शेजारच्या खोलीत काचेआड. आत गुंडीजवळ फक्त मामा. कारण परकं माणूस दिसलं की ती घाबरायची, आणि घाबरली की साखर उगीच चढायची. मामांनी उपड्या बादलीवर बसायचं, कानामागे खाजवायचं, आणि वहीत लिहायचं: बसली, उठली, झोपली.

"मामा, आज आपण तिला थोडं खाली नेणार आहोत," डॉक्टरबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "तुम्हाला माहीत आहे ते कसं दिसतं. तुम्ही काहीच करायचं नाही."

"हो," मामा म्हणाले. आणि ते मनापासूनच म्हणाले होते.

आता खिशाचं सांगायला हवं. मामांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात अकरा वर्षं जॅमची एक पुडी असे. प्रवासात पावाबरोबर देतात तशी, बोटभर लांबीची, दाताने फाडायची. धाकटीसाठी. सदरा बदलला की पुडी नव्या सदऱ्यात जायची, किल्ली आणि चष्म्याबरोबर. प्राणिघरात खाण्याची वस्तू न्यायला सक्त मनाई होती. मामा आपला डबा एकोणीस वर्षं इमानाने दारावर ठेवत आले होते. पण पुडी खाण्याची वस्तू आहे हे त्यांच्या कधी मनातच आलं नाही. किल्ली कोणी दारावर ठेवतं का?

साडेअकरापर्यंत गुंडी शांत होती. मामांनी लिहिलं, "बसली." नंतर लिहिलं, "बसली." पावणेबाराला ती उठली. पुढचे पाय फाकवून उभी राहिली, तोंडात काही नसताना चावू लागली. नाकाचा शेंडा थरथरायला लागला. डोळ्यांची उघडझाप. मामांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. हात मांड्यांखाली दाबून धरले. मशीन करेल, मशीन करेल, असं ते मनाशी घोकत राहिले. मग गुंडी त्यांच्या अगदी जवळ आली, डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं आणि घशातून बारीक आवाज काढला. मोठा नाही. झोपेतलं मूल कण्हतं तसा.

पुढे काय झालं ते मामांना नंतर नीट सांगता आलं नाही. हात आधी गेला. पुडी दाताने फाडली गेली, दोन बोटांनी जॅम गालाच्या आत चोळला गेला, गळा वरून खाली चोळला गेला, जसा जिन्यात, बसथांब्यावर, स्वयंपाकघराच्या फरशीवर अकरा वर्षं चोळला होता. पुडी रिकामी होऊन बोटाला चिकटली, तेव्हा कुठे मामा भानावर आले. समोर डुकरीण होती, आणि ती ओठ चाटत होती.

रेघवाला पडद्यामागे होता. काचेतून दिसत होती ती मामांची वाकलेली पाठ आणि खाजवणारा हात, म्हणजे नेहमीचंच चित्र. मामांनी पुडीचा चोळामोळा करून खिशात टाकला. वहीत पावणेबारासमोरची ओळ कोरी होती. ती त्यांनी कोरीच ठेवली.

तेरा मिनिटांनी पडद्यामागून रेघवाला ओरडला, "वळली! रेघ वळली!"

मशीनने आपलं काम केलंच होतं. बाराला दहा मिनिटं कमी असताना इन्सुलिन बंद केलं, उलटं औषध सोडलं. एकेचाळीसवरून बावन्न, बावन्नवरून सत्तर. डॉक्टरबाई सुटलेल्या नाड्यांनिशी धावत आत आल्या आणि नियम विसरून त्यांनी मामांचे खांदे धरले. "मामा, बघितलंत? कोणी हात लावला नाही! एकानेही हात लावला नाही!" गुंडी दचकून कोपऱ्यात गेली. मामा बादलीवर बसून होते. त्यांना उठता येईना. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

ते घरी पोहोचण्याआधीच बातमी पोहोचली होती. डॉक्टरबाईंनी धाकटीला फोन केला होता. थोरलाही कामावरून लवकर आला होता. धाकटी कोपऱ्यातल्या गादीवर बसली होती, दोन्ही बाजूंना दोघी भाच्या, आणि सुनेला सांगत होती, "वहिनी, ही गादी आता वर्षभरच हं. मग हिला झाडाखाली टाका."

"झाडाखाली कशाला? मी तिच्यावर झोपते," सून म्हणाली. "तुम्ही दोघींना काखेत मारा आणि जा कुठे जायचं तिथे. संध्याकाळपर्यंत येऊ नका." म्हणाली हसत, आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसले.

"तुम्ही का गप्प?" बायकोने मामांना विचारलं.

"दमलोय."

"डुकरिणीला खाजवून?" थोरला म्हणाला, आणि सगळे हसले. मामाही हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता.

रात्री पाठ टेकली की इकडे आड आणि तिकडे विहीर. सांगितलं तर परीक्षा फुकट, सहा माणसं नाहीत, पोरीचं नाव पेन्सिलीचं पेन्सिलीतच. नाही सांगितलं तर ते मशीन उद्या तिच्याच पोटात बसणार, आणि ते खरंच वर आणतं की नाही हे जगात कोणालाच ठाऊक नसणार. मंगळवार असाच गेला. बुधवारी संध्याकाळी ते धाकटीला आणायला चष्म्याच्या दुकानात गेले. ती तिथे मागच्या खोलीत काचा घासून चौकटीत बसवायची. दोघं चालत निघाले. कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानापाशी मामांनी तिला सगळं सांगितलं.

ती चालत राहिली. चार दुकानं गेली.

"कुठला होता जॅम?" तिने विचारलं.

"काय?"

"असंच. कुठला होता?"

"लालवाला. तुझा."

"हं." आणखी थोडं चालून ती थांबली. "बाबा, तुम्हाला धीरच नाही. माझ्या बाबतीतही नव्हता. दहा वेळा मी आपली आपण वर आले असते, तुम्ही त्याआधीच तोंडात बोटं घालायचात. पोरं हसायची मला."

"एकदाही आली नसतीस तर?"

समोरून कोणी सायकल हातात धरून चाललं होतं, ते जाईपर्यंत दोघं कडेला उभे राहिले.

"मी म्हटलं, सांगू नका, तर नाही सांगणार?" तिने विचारलं.

"नाही सांगणार."

"मग मी काहीच म्हणत नाही," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर नका ठेवू. माझ्या डोक्यावर पुरेसं आहे."

घरी येईपर्यंत ती पुन्हा नेहमीसारखी बोलायला लागली होती. आईला म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे.

गुरुवारी सकाळी मामा वही घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, सोमवारचं पान काढलं आणि पावणेबारासमोरच्या कोऱ्या ओळीत लिहिलं, "जॅम दिला." 'जॅम' लिहायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. जरा वेळ लागला.

डॉक्टरबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

रेघवाला मात्र पेटला. "मामा, अहो, वर्ष गेलं माझं! आठ डुकरं! एक दिवस, एकच दिवस हात जागेवर ठेवायचा होता!"

"मशीनने आणली असेल ना तिला वर?" मामा म्हणाले. "औषध सोडलं होतं ना त्याने?"

"असेल! नसेलही! तेच तर! आता कोणाला सांगता येणार आहे? मशीनने आणलं की जॅमने आणलं, कुठली रेघ सांगणार?"

"पुन्हा करा. मी दारापाशीही येत नाही. खिसे शिवून टाकतो."

तेव्हा डॉक्टरबाई खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "काल संध्याकाळपासून सेन्सर आंधळा झालाय, मामा. त्याचा आकडा आणि रक्ताचा आकडा जुळेनासा झाला. सोमवारी सांगितलं असतंत तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. पण सोडलेलं वाक्यही ऐकू येतं. तर काल सकाळीच परीक्षा पुन्हा घेता आली असती. मग त्या वळल्या. "नाही, हे मी बोलायला नको होतं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. नसतं सांगितलं तर मी ते माणसांच्या पोटात घातलं असतं."

"आमच्या पोरीचं नाव..."

"आहे. अजून आहे. पण यादीच राहिली नाही ना, मामा."

शुक्रवारी गुंडीचा दिवस ठरलेला होता. तो आधीपासूनच ठरलेला होता. परीक्षा पास झाली असती तरी तोच होता. तिला भूल देऊन मग कायमची झोपवायची, आणि सेन्सरभोवतीचं मांस तपासायला काढायचं. मामांना नको म्हणता आलं असतं. पण ती दुसऱ्या कोणाजवळ उभी राहिली नसती. त्यांनी विचारलं, "आता हिला एक पुडी देऊ का? आता काय फरक पडतो?"

"भूल द्यायची आहे, मामा. उपाशीच लागते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तेव्हा तेही नाही. मामा बादलीवर बसले, गुंडीने गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि सुई टोचेपर्यंत ती त्यांचा खिसा हुंगत राहिली. सोमवारची ओळख ती विसरली नव्हती. वहीत त्यांनी शेवटची ओळ लिहिली, "झोपली."

मामांना कोणी काढून टाकलं नाही. काढलं असतं तर बरं, असं त्यांना पुष्कळदा वाटलं. त्यांना पिंजरे धुण्याच्या कामावर घातलं, आणि दारावर नवा नियम लागला, आत जाताना सगळे खिसे रिकामे करायचे. नियमाच्या कागदावर नाव नव्हतं, पण सगळे त्याला जॅमचा नियमच म्हणत. पहारेकरी रोज सकाळी हात पुढे करून म्हणे, "मामा, माल?" मामा पुडी काढून त्याच्या हातावर ठेवत. संध्याकाळी तो परत देई. "जपून हं, धोक्याचा माल आहे," असं काहीबाही बोलून हसे. मामाही हसत.

नव्या डुकरांसाठी समितीची नवी परवानगी लागणार होती. समिती दर तीन महिन्यांनी बसे. पहिल्या वेळी कागद अपुरे पडले. दुसऱ्या वेळी समितीतलं एक माणूस आजारी होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं की मागच्या वेळी माणसाने हात का घातला, आणि तो पुन्हा घालणार नाही कशावरून. डॉक्टरबाईंनी त्यावर नऊ पानं लिहिली. मामा त्यांना वऱ्हांड्यात दिसले की त्या न विचारता सांगत, "अजून नाही." मग मामांनी त्या दिसल्या की बादली उचलून दुसऱ्या दाराने जायला सुरुवात केली. त्यांना उत्तर नको होतं असं नाही. त्या बाईंना रोज तेच उत्तर द्यावं लागू नये, एवढंच त्यांच्या हातात होतं.

घरी गादी कोपऱ्यातच राहिली. जुळ्या रांगायला लागल्या, मग भिंत धरून उभ्या राहायला लागल्या. सात मिनिटांची मोठी आधी चालली, अपेक्षेप्रमाणे. ती चालत आत्याकडे जायची, आणि आत्या गादीवर बसून हात पसरायची. "आता तूच मला उचल," आत्या म्हणायची. "मला कुठे परवानगी आहे?"

समितीचा होकार आला तो चौदा महिन्यांनी. तीन डुकरिणींवर परीक्षा झाली. या वेळी आत माणूस नव्हतं; त्यांना आधीपासूनच एकटं राहायची सवय लावली होती. मामा मागच्या अंगणात पिंजरे धूत होते. डॉक्टरबाई तिथे चालत आल्या आणि ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या. नाड्या सुटलेल्या, पाण्यात भिजलेल्या.

"दोघी वर आल्या, मामा. आपल्या आपण," त्या म्हणाल्या. "तिसरी नाही आली. तिला आम्हाला शिरेतून साखर द्यावी लागली."

"म्हणजे आमची गुंडी..."

"सांगता येत नाही. दोघींसारखी असेल, तिसरीसारखी असेल."

मामांनी नळ बंद केला. मग मामा खाली बसले आणि त्यांनी डॉक्टरबाईंच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, एक, मग दुसरी. डॉक्टरबाईंनी बांधू दिल्या.

संध्याकाळी पहारेकऱ्याने पुडी परत दिली. गेले पाच महिने तो सकाळी "माल" म्हणत नव्हता. नुसता हात पुढे करायचा, आणि संध्याकाळी पुडी न बोलता परत मामांच्या हातावर ठेवायचा. ती आता कोणासाठी, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मामांनाही ती सदऱ्यातून काढणं जमलं नव्हतं.

धाकटी गेली ती त्याआधी पाच महिने, एका मंगळवारी, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. दुकानदाराने अकरा वाजता आत डोकावलं होतं. ती टेबलावर डोकं ठेवून होती, त्याला वाटलं डोळा लागलाय, म्हणून त्याने उठवलं नाही. ती चोवीस वर्षांची होती. जुळ्यांना त्या दिवशी तेरा महिने पूर्ण झाले होते.